घरी आई-वडिलांची शुश्रूषा: सांगली-मिरजेच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत घरी जाऊन मी वयस्कर माणसांची शुश्रूषा करते आणि ती घरच्यांना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात नर्स होते. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून लांबलांबून, अगदी कर्नाटकातूनही माणसं इथं उपचाराला येतात. ऑपरेशन चांगलं होतं, चार-आठ दिवसांत पेशंट घरी येतो आणि पुढचं सगळं सुनेवर, मुलीवर नाहीतर स्वतः सत्तरीला आलेल्या बायकोवर पडतं. त्यांना यातलं काही कोणी शिकवलेलं नसतं. निघताना दारात चपला घालता घालता जे प्रश्न मला विचारले जातात, ते इथं एकत्र केलेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, कारण त्यांनी पेशंट पाहिलाय.

मामांना परवा घरी सोडणार आहेत. आधी काय तयारी करू?

सगळ्यात मोठी तयारी दवाखान्यातच करायची असते. निघायच्या आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरना गाठा. कूस कशी बदलायची, ड्रेसिंग कसं करायचं, नळी असेल तर ती कशी सांभाळायची, हे त्यांच्याकडून बघा आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने करा. नुसतं बघितलेलं घरी आल्यावर आठवत नाही. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की एकच प्रश्न विचारा: आधीच्या कोणत्या गोळ्या बंद केल्या? नव्या गोळ्या सगळे लिहून घेतात. जुन्या बंद करायच्या राहतात आणि एकाच कामाच्या दोन गोळ्या पोटात जातात.

घरात खालच्या मजल्यावरची, संडासाजवळची खोली रिकामी करा. कॉट भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. कडेला बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढीच कॉटची उंची हवी. डोकं वर करता येणारा पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची भाड्यानेही मिळते. पहिला महिना भाड्याने घ्या. काय लागतं ते कळल्यावर विकत घ्यायचं का ते ठरवा.

झोपून असलेल्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं?

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. चांगली हवेची गादी असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री थोडं लांबवता येतं, पण गादी आणली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. हा गैरसमज मी घरोघरी बघते.

अंगातल्या जोरावर कूस बदलायला गेलात तर आठवड्यात तुमची कंबर धरेल. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी करा आणि पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत पाठीखाली कायमची अंथरून ठेवा. ज्या कुशीवर वळवायचं त्या बाजूला उभ्या राहा. पलीकडचा गुडघा दुमडून घ्या, पलीकडचा हात छातीवर घ्या. आता पलीकडची लुगड्याची कड दोन्ही हातांनी धरा, एक पाय पुढे ठेवा, गुडघे थोडे वाकवा आणि कड आपल्याकडे ओढा. माणूस अलगद वळतो. पूर्ण कुशीवर नको, त्याने खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीला उशी लावून अर्धवट कललेला ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली एक, अशी की टाच गादीला न टेकता अधांतरी राहील. माकडहाड सगळ्यांच्या लक्षात असतं, टाचा विसरतात.

अंघोळ घालताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू रोज बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून परत लाल झाला तर भार काढल्यावर तो जाईल. दाबूनही तसाच लाल राहिला तर जखमेची सुरुवात झाली आहे. त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथं जागा गरम, कडक किंवा काळसर लागते का ते हाताने बघा. अशा जागी तेल चोळू नका, आतली कातडी आणखी फाटते. गोल रिंगची उशीही नको.

जखमेत हळद भरली तर?

सांगलीच्या हळदीचं नाव देशभर आहे आणि स्वयंपाकात ती हवीच. पण उघड्या, खोल जखमेत हळद, कॉफी, राख, टाल्कम पावडर यातलं काही भरू नका. ते आत साचतं, खाली पू होतो आणि वरून जखम सुकल्यासारखी दिसते. सलाईनच्या पाण्याने धुऊन डॉक्टरांनी सांगितलेलं ड्रेसिंग करायचं. वास, ताप, काळा भाग किंवा आत हाड दिसणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि जखम भरायला आतून प्रथिनं लागतात: अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर डाळ, दूध, दही.

वारं गेल्यापासून डावी बाजू चालत नाही. खुर्चीत कसं बसवू?

खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला ठेवा, म्हणजे इथं उजवीकडे. चाकाची असेल तर ब्रेक लावा. आधी कॉटच्या कडेला बसवून दोन मिनिटं थांबा, घेरी येते का बघा. लुळ्या पायासमोर तुमचा गुडघा टेकवा, म्हणजे तो पाय दुमडणार नाही. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. “एक, दोन, तीन” म्हणा आणि तिनाला त्यांना पुढे झुकायला सांगा. जेवढं त्यांना जमतं तेवढं त्यांनीच करायचं. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून कधीच ओढू नका. तो खांदा निखळतो आणि पुढे पायापेक्षा खांद्याचं दुखणं मोठं होऊन बसतं.

बाथरूममध्ये काय बदल करावेत?

खर्च करायचाच असेल तर आधी तिथं करा. भिंतीत पक्कं बसवलेलं स्टीलचं हँडल, रबरी चटई, बसून अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय असेल तर ती दांडी काढूनच टाका, ती माणसाचं वजन पेलत नाही. आतून कडी लावायची नाही. कॉटपासून संडासापर्यंत रात्रभर छोटा दिवा चालू हवा. घसरणारी स्लीपर नको, मागून पट्टा असलेली चप्पल हवी. धोतराचा सोगा किंवा साडीचा काठ पायात येतो. आजींना गाऊन घालायला लाज वाटत असेल तर साडी घोट्याच्या वर नेसवा. दारातलं पायपुसणं सगळ्यांत धोक्याचं. ते उचला.

आणि पडलेच तर?

ओढून उठवू नका. शुद्धीत आहेत का, बोलतात का, कुठं दुखतं ते विचारा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं असेल तर खुबा मोडला असण्याची शक्यता मोठी आहे. हलवू नका, 108 ला फोन करा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्यायचंच. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी कळतो.

आत्या काही खातच नाहीत. दोन घास झाले की बास म्हणतात.

आधी तोंडात बघा. कवळी सैल झाली असेल, तोंड आलं असेल, जिभेवर पांढरा थर असेल. मग पोट साफ होतंय का ते विचारा, कारण बद्धकोष्ठ असलं की भूक मरते. नवी गोळी सुरू झाल्यापासून जेवण कमी झालंय का? मन उदास आहे का? यातलं काहीच नसेल आणि वजन उतरत असेल, कपडे ढगळ व्हायला लागले असतील तर डॉक्टरांना सांगा. “वय झालं, आता किती खाणार” या वाक्यापाशी आपल्याकडे चौकशी थांबते आणि साधं, बरं होणारं कारण राहून जातं.

खायला द्यायचं ते थोडं थोडं, पाच-सहा वेळा. भाकरी घट्ट आमटीत कुस्करून, वर तूप. मुगाची मऊ खिचडी, नाचणीची आंबील, खिमट, अंडं, पनीर, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळसर भाजी. नुसता चहा-बिस्किट हे जेवण नाही. शुगर असेल तर मूठभर बेदाणे “फळच आहे” म्हणून देऊ नका, सुकवल्यावर साखर एकवटते. बीपी आणि हृदयाच्या पेशंटला भडंग, खारं लोणचं, पापड बेताने. तहान म्हातारपणी कमी लागते, म्हणून पाणी मागायची वाट बघायची नाही. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र दिवसाला किती पाणी चालेल ते डॉक्टरांकडून मापात विचारून घ्या.

जेवताना सारखा ठसका लागतो.

हे गंभीर आहे. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. झोपवून भरवायचं नाही, पाठ सरळ करून पूर्ण बसवायचं. हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. साधं पाणी पटकन घशात उतरतं म्हणून बऱ्याच जणांना पाण्यानेच जास्त ठसका लागतो. त्यांना दाट पेय सोपं जातं, पण ते गिळण्याची तपासणी झाल्यावर ठरवा. जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल तर लगेच दाखवा.

नाकात नळी असेल तर भरवताना आणि नंतर अर्धा ते एक तास डोक्याची बाजू वर हवी. आधी आणि नंतर पाण्याने नळी धुवा. नळीवर नाकापाशी पेनाने खूण करा, खूण सरकली असेल तर काही घालू नका. निघालेली नळी घरी परत आत सारायची नाही.

अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावून आणू का?

स्वतः ठरवून नाही. सलाईन म्हणजे मीठ नाहीतर साखरेचं पाणी. हृदय कमकुवत असेल तर त्यानेच छातीत पाणी होतं. अशक्तपणा कशाने आलाय ते शोधायला सांगा: रक्त कमी, सोडियम कमी, थायरॉइड, लघवीचा संसर्ग.

शुगर एकदम कमी झाली तर कसं ओळखायचं?

घाम, थरथर, धडधड, भूक ही लक्षणं पुस्तकात असतात. म्हाताऱ्या माणसात ती दिसतीलच असं नाही. ते नुसते गप्प होतात, असंबद्ध बोलतात, चिडतात, पेंगतात. मशीनवर 70 च्या खाली आकडा आला आणि ते नीट गिळत असतील तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी परत तपासा, सुधारल्यावर काहीतरी खायला द्या. मशीन नसेल आणि शंका असेल तरी साखर द्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालू नका, 108 बोलवा. असं झालं की गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवा. श्रावणातले उपवास आणि एकादशी यांच्या दिवशी डोस काय घ्यायचा ते आधी विचारा, “आज उपवास आहे पण गोळी चुकवली नाही” असं म्हणणाऱ्या आजीच रात्री घामाघूम होतात.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. चालू बाटली साधारण 28 दिवस बाहेर चालते. जत, आटपाडीकडच्या उन्हाळ्यात मात्र घर तापतं, तेव्हा ती फ्रिजच्या दारात ठेवा. वीज बराच वेळ गेली तर बाटली प्लास्टिकच्या डब्यात बंद करून डबा ओल्या फडक्यात गुंडाळा आणि गार माठाला बाहेरून टेकवून ठेवा.

बीपी दर वेळी वेगळंच येतं.

पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला टेबलावर. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवी लागलेली नको. मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजून वहीत लिहा. उभं राहिल्यावर घेरी येत असेल तर उभं असतानाचंही मोजून डॉक्टरांना दाखवा, कधी कधी गोळी जास्त होत असते.

गोळ्यांचा फार गोंधळ आहे.

घरातल्या सगळ्या गोळ्या, जुन्या, अर्धवट पाकिटं, आयुर्वेदिक, मेडिकलमधून आणलेल्या, एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरांपुढे ओता. मी हे फार आग्रहाने सांगते. हाडांचे वेगळे, हृदयाचे वेगळे, शुगरचे वेगळे डॉक्टर असतात आणि सगळं एकत्र कोणीच बघितलेलं नसतं. त्यात गुडघेदुखीची गोळी आपण मेडिकलमधून परस्पर आणतो. ती रोज घेतली तर किडनीला, पोटाला आणि बीपीला महागात पडते. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी होतात. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देण्याआधी विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराचा डोस एका वेळी अंगात जातो.

काल ठीक होते. आज ओळखत नाहीत, रात्रभर बडबड केली. म्हातारचळ लागला का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. विसराळूपणाचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. एका-दोन दिवसांत माणूस बदलला तर शरीरात काहीतरी बिघडलंय. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम कमी होणं, शुगर खाली-वर होणं, लघवी तुंबणं, पोट साफ न होणं, नवी गोळी, आठवड्यापूर्वी पडून डोक्याला लागलेला मार, यातलं काहीही असू शकतं. वयस्कर माणसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. काही जण बडबड करतात, काही नुसते मलूल पडून राहतात. मलूल पडणारे जास्त फसवतात, कारण घरच्यांना वाटतं “आज शांत झोपलेत.” त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि “हे परवापर्यंत असे नव्हते” हे वाक्य पहिल्यांदा सांगा.

आईला विसराळूपणाचा आजार आहे. संध्याकाळ झाली की “मला घरी जायचंय” म्हणते. घरातच असते तरी.

तिच्याशी वाद घालू नका. “हेच तुझं घर” असं दहा वेळा सांगितल्याने ती आणखी घाबरते. तिला बहुतेक वेळा ओळखीचं, सुरक्षित काहीतरी हवं असतं. “जाऊ या हं, आधी चहा घेऊ” म्हणा, माहेरच्या गावाबद्दल विचारा, हातात निवडायला शेंगा किंवा वाती वळायला कापूस द्या. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. दुपारची झोप कमी करा. भूक, लघवी, दुखणं यांमुळेही असं होतं, ते बघा. बाहेरच्या दाराला वर, नजरेच्या पलीकडे कडी बसवा. पोलक्याच्या आत फोन नंबर शिवा. शेजारच्यांना, किराणा दुकानदाराला, रिक्षावाल्यांना आजाराबद्दल सांगून ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही.

अंगावरून वारं गेलं तर गावठी औषधाला न्यावं का?

नाही. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तरी थेट सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि जितकं लवकर तितका फायदा. त्यामुळे “शेवटचं नीट कधी बोलले” ती वेळ लिहून ठेवा. पाणी पाजू नका, घरातली ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही. कबुतराचं रक्त चोळणं, मालिशवाल्याकडे नेणं यात गेलेले तास परत मिळत नाहीत. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी त्याच दिवशी जा, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

आम्ही नदीकाठी राहतो. पुराच्या वेळी झोपून असलेल्या माणसाचं काय?

2005, 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धडधाकट माणूस शेवटच्या तासाला बाहेर पडू शकतो, पलंगावरचा माणूस नाही. त्याला बोटीत घालणं फार कठीण आणि धोक्याचं. म्हणून ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी 40 फुटांची वाट बघू नये. कोयनेतून आणि वारणेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, पाणी चढायला लागलं की हलवा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडच्या बाजूला तर आणखी आधी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पिशवी भरून ठेवा. पंधरा दिवसांच्या गोळ्या, चिठ्ठीची झेरॉक्स, आधार आणि आयुष्मान कार्ड, डायपर, युरिन बॅग, चष्मा, कवळी, कानाचं मशीन आणि त्याचे सेल, टॉर्च. कोणत्या नातेवाइकाकडे जायचं आणि गाडी कोणाची हे आधी बोलून घ्या. तळमजला नसेल तर जिन्यातून कोण चार जण उचलणार तेही ठरवा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर वीज गेल्यावर ते बंद पडतं, भरलेला सिलिंडर जवळ हवा.

कामाला मावशी ठेवायची तर काय बघू?

आधारची प्रत घ्या, आधीच्या घरी स्वतः फोन करा, पोलिसांकडे नोंद करा. पहिले काही दिवस सोबत राहून काम बघा. काय करायचं आणि काय नाही ते लिहून द्या: इंजेक्शन, नळी बदलणं ही प्रशिक्षित नर्सची कामं आहेत. आठवड्याची सुट्टी द्या, जेवायला आणि पाठ टेकायला वेळ द्या. बारा तास वजन उचलणाऱ्या बाईला धुणी-भांडीही सांगायची आणि मग ती टिकत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

माझी कंबर गेली, झोप नाही. कधी कधी मनात येतं, सुटावेत एकदाचे. मी वाईट आहे का?

नाही. हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, आणि विचारताना रडतात. तो विचार अतोनात थकल्याचं लक्षण आहे. वर्षानुवर्षं दोन-दोन तासांची झोप घेणाऱ्या कोणाच्याही मनात येतो. “ती घरीच असते की” असं म्हणून आपली घरं या बाईचं काम मोजतच नाहीत. ते काम आहे, जड काम आहे, आणि ते करणाऱ्या माणसाला रजा लागते.

आता करायच्या गोष्टी. तुमची स्वतःची बीपीची, शुगरची गोळी आणि तपासणी चुकवू नका, सासऱ्यांची वही ठेवता तशी तुमचीही ठेवा. आठवड्यातला एक अर्धा दिवस ठरवून घराबाहेर: माहेरी, भिशीला, गणपती मंदिरात, कुठंही. त्या वेळी दुसऱ्या कोणीतरी बसायचं. एखादी रात्र पूर्ण झोप मिळेल अशी पाळी लावा. राग आवरेना, हात उचलला जाईल असं वाटलं तर पेशंटला सुरक्षित झोपवून खोलीबाहेर जा, दार ओढा, कोणालातरी फोन करा. दोन आठवडे सलग रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल तर 14416 वर फोन करा. टेलिमानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

दीर पुण्यात. पैसे पाठवतात, पण येत नाहीत.

पैसे लागतातच, त्यांना कमी लेखू नका. पण त्यांच्याकडे दिवस मागा. “मदत करा” असं मोघम सांगितलं की काही होत नाही. “मे महिन्यात आठ दिवस तुम्ही दोघं इथं राहा, मी माहेरी जाणार” असं सांगा. लांबून होण्यासारखी कामंही त्यांच्याकडे द्या: डॉक्टरांच्या तारखा, विम्याची कागदपत्रं, रोज संध्याकाळी आईशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉल. हे सुनेने बोललं की भांडण होतं, म्हणून नवऱ्याने आपल्या भावंडांशी स्वतः बोलावं. ती त्याची आई आहे.

सरकारी मदत काय मिळते?

70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचे दाखल होऊन घेतलेले उपचार यादीतल्या दवाखान्यात त्यातून होतात. आधार कार्ड पुरतं. आजारी पडायच्या आधी काढून ठेवा. डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांच्या औषधांचाही त्यात समावेश आहे, दवाखान्यात विचारा. मात्र मावशीचा पगार, डायपर, घरचं ड्रेसिंग यासाठी त्यातून काही मिळत नाही. ही मोठी उणीव आहे आणि ती भरून निघाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

65 च्या पुढे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये खात्यावर येतात. अगदी गरिबीत असणाऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना, तिचा अर्ज तहसील कार्यालयात. एसटीला 65 ते 75 वयापर्यंत अर्धं तिकीट, 75 नंतर मोफत. तपासणीला मिरजेला यायचं तर हे उपयोगी पडतं.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी पलंगावरून उचलून बँकेत नेऊ का?

गरज नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण दाखला निघतो, किंवा पोस्टमन घरी येऊन काढतो. सत्तरीच्या पुढच्यांना आणि अपंगांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनेही सांगितलंय. शाखेत लेखी मागा.

मुलं बघत नाहीत, घर मात्र नावावर करून घेतलं. काही करता येतं का?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट असेल आणि ती पाळली नाही तर ते रद्दही होऊ शकतं. त्यामुळे अजून कागद केला नसेल तर अट स्पष्ट लिहून घ्या. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. पुढं काय?

म्हणजे बरं करण्याचे उपाय संपले, त्रास कमी करण्याचे संपलेले नाहीत. “दुखलं, दम लागला, उलटी झाली तर घरी काय द्यायचं” हे निघण्याआधी लिहून घ्या. कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिन चांगलं काम करतं, डॉक्टरांच्या देखरेखीत त्याला घाबरू नका. शेवटी भूक जाते. तेव्हा बळेच भरवू नका, ओठ ओल्या कापसाने पुसा, वर तूप लावा. माणूस बोलत नसला तरी ऐकू येत असावं असं समजून त्याच्याजवळ बोला. वाटणीच्या गोष्टी त्या खोलीत नकोत.

रात्री काय करायचं ते आधी ठरवा. ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवा, कारण घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहिलेला त्यांचा दाखला लागतो. त्यानंतर 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद करायची. पेशंटला स्वतःला काय हवंय, परत दवाखाना की घर, हे ते बोलू शकतात तोवर त्यांनाच विचारा. बरेचदा त्यांचं उत्तर तयार असतं, कोणी विचारलेलं नसतं.